काय शोधायचं ते कोण ठरवणार?

कोकणातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तेव्हा वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन विभागात यायचं. कधी विहिरीचं पाणी, कधी पऱ्ह्याचं, कधी खाडीचं. बाटली शीतपेयाची, बूच घट्ट बसवलेलं, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. ‘सर, यात काय आहे तेवढं बघून द्या.’ मी विचारायचो, ‘काय शोधू?’ समोरचा माणूस गोंधळून जायचा. एका वयस्कर गृहस्थांनी मला सरळ सुनावलं होतं, ‘ते मला ठाऊक असतं तर एसटीचं तिकीट काढून तुमच्याकडे कशाला आलो असतो?’

त्यांचं बरोबर होतं, आणि माझीही पंचाईत खरी होती. रासायनिक विश्लेषणात ‘यात काय आहे?’ या प्रश्नाला एका झटक्यात उत्तर देणारी परीक्षा नसते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की क्लोराइड कळतं. बेरियम क्लोराइड टाकलं की सल्फेट कळतं. लाखो रुपयांचं यंत्र असलं तरी त्याला आधी सांगावं लागतं की अमुक धातू शोध, तमुक कीटकनाशक शोध. विचारलं तेवढंच उत्तर मिळतं. न विचारलेलं विष अहवालात उमटत नाही, आणि अहवालात नाही म्हणजे पाण्यातही नाही, असं वाचणारा धरून चालतो.

म्हणून प्रदूषणाच्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे, की काय शोधायचं याची यादी कोण करतं? नदीसफाईचे कोट्यवधींचे आराखडे, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, दंड, न्यायालयाचे आदेश, हे सगळं त्या यादीनंतर येतं. आणि ज्यांच्या विहिरीत, ज्यांच्या जाळ्यात ते विष येणार, त्यांना आज या यादीत एक शब्द घालण्याचा अधिकार नाही.

यादीतून एक नाव सुटलं तर काय होतं, हे बांगलादेशने भोगलं आहे. तिथे तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन मुलं अतिसाराने मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारने गावोगाव नळकूप बसवले. हेतू चांगला होता आणि अतिसार कमी व्हायला त्याची मदतही झाली. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथल्या काही भागांतल्या नळकूपांच्या पाण्याची तपासणी केली. बरीच मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही.

त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८३ मध्ये, सीमेच्या अलीकडे कोलकात्यात स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या तळहातांवरचे खडे आणि अंगावरचे काळे-पांढरे ठिपके पाहून आर्सेनिकची विषबाधा ओळखली होती. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करत होते. गंगेच्या त्रिभुज प्रदेशाचा गाळ सीमारेषा पाहून थांबत नाही. तरीही बांगलादेशात आर्सेनिकची अधिकृत नोंद झाली ती १९९३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली आलेल्या लेखाने विषारी पाण्याच्या छायेत असलेल्यांची संख्या ३.५ ते ७.७ कोटी दिली आणि एखाद्या लोकसंख्येला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे असं म्हटलं.

एका बांगलादेशी रुग्णाने त्या सर्वेक्षणामागच्या ब्रिटिश संस्थेवर दावा लावला. तो लढत लढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला. हे पाणी पिणाऱ्यांप्रती त्या संस्थेचं कायदेशीर कर्तव्य नव्हतं, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत तो निकाल बरोबर असेल, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यातून उघडी पडलेली पोकळी मला झोपू देत नाही. मोजणाऱ्याने मागणाऱ्याला उत्तर दिलं. पाणी पिणारा कुणीच नव्हता.

पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण मोजमापातूनच सुटकेची वाट निघते हे तिच्यात दिसतं. आर्सेनिक ओळखण्याची जुनी रीत साधी आहे. पाण्यात आम्ल आणि जस्त घालायचं, आर्सेनिक असेल तर आर्साइन वायू सुटतो, आणि तो बाटलीच्या तोंडाशी धरलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला पिवळा ते तपकिरी डाग पाडतो. डागाचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. या शतकाच्या सुरुवातीला अशा पेट्या घेऊन माणसं गावोगाव गेली आणि जवळपास ५० लाख नळकूप तपासले गेले. सुमारे १४ लाखांवर लाल रंग लागला, बाकीच्यांवर हिरवा. एका घरचा नळकूप लाल आणि शेजारच्या वाडीतला हिरवा, असंही ठिकठिकाणी निघालं, कारण जमिनीखालचे थर हाताच्या अंतरावर बदलतात. अनेक कुटुंबांनी दुसऱ्या नळकूपावरून हंडे आणायला सुरुवात केली. कुठलीही यंत्रणा न उभारता, केवळ एक आकडा आणि रंगाचा एक डबा यांच्या जोरावर, माणसांच्या पोटात जाणारं विष कमी झालं. सफाईची चर्चा करताना हे उदाहरण आपण विसरतो. पाणी स्वच्छ करण्याआधी ते कुठलं प्यायचं नाही हे कळणं, हीच पहिली सफाई.

बांगलादेशातल्या कुष्टियात वाढलेले अबुल हुस्साम अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांनी आधी पाण्यातलं आर्सेनिक अचूक मोजण्याच्या पद्धतीवर काम केलं, मग आपल्याच घरचं पाणी तपासलं, आणि तिथून गाळणीकडे वळले. वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि बिडाचा प्रक्रिया केलेला कीस, यांची ती दोन बादल्यांची गाळणी. २००७ मध्ये तिला १० लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला आणि त्यातली मोठी रक्कम गाळण्या वाटण्यासाठीच गेली. लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटतं हे जुनंच ज्ञान. अडचण अशी की भूजलातलं बरंचसं आर्सेनिक ज्या रूपात असतं त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते सहज निसटून जातं. त्याचं आधी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. पाण्यात एकूण आर्सेनिक किती, एवढ्यावर थांबणाऱ्याला हे कळत नाही. कुठल्या रूपात किती, हे ज्याने मोजलं त्याच्या हातून चालणारी गाळणी झाली. संशोधन प्रयोगशाळेत आणि सफाई गावात, अशी जी फारकत आपण मनात करून ठेवली आहे ती हुस्सामांच्या कामात कुठेच नाही.

आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्राला यंत्रं परवडत नाहीत, माणसं मिळत नाहीत, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते माझ्या विद्यार्थ्यांमुळे. आमच्याकडून बी.एस्सी., एम.एस्सी. होऊन बाहेर पडलेली मुलं-मुली लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात लागतात. ती दिवसभर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र, चालवतात. औषधाच्या एका घाण्यात हजारात एक भाग अशुद्धता असली तरी पकडतात. जुलै २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हालसार्टन या औषधात एनडीएमए नावाचं कर्करोगकारक द्रव्य सापडलं आणि जगभर गोळ्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. माणसाच्या शरीरात दिवसाला ९६ नॅनोग्रॅमहून जास्त एनडीएमए जाऊ नये, अशी मर्यादा आली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. बघता बघता आपल्या औषध कंपन्यांनी तेवढं बारीक मोजणारी यंत्रं बसवली, पद्धती तयार केल्या, माणसं शिकवली. कारण युरोप-अमेरिकेच्या खरेदीदाराने मागितलं.

त्याच कुंपणाच्या बाहेरून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी आपण कशाने तपासतो? सामू म्हणजे आम्लता, सीओडी आणि बीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या प्राणवायूची रासायनिक आणि जैविक मापं, तरंगते कण, तेल आणि काही धातू. गोळी परदेशात जाणार म्हणून नॅनोग्रॅमपर्यंत, आणि ओढा गावात जाणार म्हणून मिलिग्रॅमपर्यंत. दोन्हींत दहा लाख पटींचं अंतर आहे. ज्ञान तेच, माणसं तीच, कित्येकदा तालुकाही तोच. फरक मागणाऱ्याच्या वजनात आहे.

बीओडीची परीक्षा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मी ती वर्षानुवर्षं शिकवली. बाटलीत मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो, आणि तो जितका गडद तितका पाण्यात प्राणवायू जास्त. ते पाहताना मुलांचे डोळे चमकायचे. आपल्याकडे ही बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि जिवाणूंनी किती प्राणवायू संपवला ते पाहतात. मैला, मळी, अन्नाचे अवशेष यांच्यासाठी ही उत्तम कसोटी. पण जिवाणूंना जे खाता येत नाही ते तिला दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे आहेत आणि त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. आपण ती बातमी वाचून हळहळतो. पट्टे ठरवण्याचा निकष बीओडी हा आहे, हे मात्र बातमीत फारसं येत नाही. बीओडी कमी असलेली पण कीटकनाशकांनी किंवा फ्लोरिनयुक्त रसायनांनी भरलेली नदी त्या यादीत येणारच नाही.

फ्लोरिनयुक्त रसायनांचं नाव मी मुद्दाम घेतलं. इटलीच्या वेनेतो प्रांतात, व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना पीफास गटातली रसायनं बनवत असे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका मजबूत की ही द्रव्यं निसर्गात मोडतच नाहीत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारं कापड, आग विझवण्याचा फेस यांत ती वापरली जातात. पीएफओए हे त्यातलं एक. माणसाच्या रक्तात गेलं की त्याची मात्रा निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात. कारखाना १९६० च्या दशकातला. प्रदूषण उघड झालं २०१३ मध्ये, आणि तेही कुणी आजारी पडलं म्हणून नाही. युरोपातल्या नद्यांमध्ये ही द्रव्यं शोधणाऱ्या संशोधकांना पो नदीत ती लक्षणीय प्रमाणात आढळली होती, आणि मग इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी उगमाकडे माग काढला. साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न निघाला. मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे हातात घेऊन आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

त्या कारखान्याची यंत्रं २०१९ मध्ये लिलावात विकली गेली आणि समुद्रमार्गे खेड तालुक्यात लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली.

तिथे गळती होते आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे मोजमाप नाही, आणि मोजमापाशिवाय कुणाला दोषी धरणं माझ्या विषयाच्या शिस्तीत बसत नाही. पण गळती होत नाही असं म्हणणाऱ्याकडे तरी कुठलं मोजमाप आहे? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या आपल्या मानकात पीफासची मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. आपल्याकडे सांडपाण्याच्या सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. दोन आकड्यांत सव्वासहा कोटी पटींचं अंतर. सीओडीच्या चाचणीतून पीफास शोधणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर साखरेचा दाणा मोजणं. कोकणातल्या वाचकाला अंदाज यावा म्हणून एक हिशेब करून पाहिला: कोयना धरण १०५ टीएमसीचं. त्या सगळ्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅम एवढी मात्रा व्हायला जेमतेम १२ किलो पीएफओए पुरतं. त्याच कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, पोफळीहून वाशिष्ठीत उतरतं, वाशिष्ठी आणि जगबुडी पुढे दाभोळच्या खाडीला मिळतात, आणि लोट्याचं सांडपाणीही त्याच खाडीत जातं.

खाडीकाठच्या भोई समाजाने तिथल्या मासेमरीविरुद्ध किती वर्षं निवेदनं दिली आहेत! दर वेळी क्रम तोच. ओहोटीला मासे पांढरे पोट वर करून काठाला लागतात. फोन होतात. अधिकारी येईपर्यंत दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात, आणि नमुना मर्यादेत निघतो. त्यात अधिकाऱ्याची बेइमानीच असेल असं नाही. एकदा उचललेली बाटली त्या क्षणाबद्दल सांगते. तासाभरापूर्वी काय वाहून गेलं ते तिला माहीत नसतं. मोठ्या कारखान्यांच्या तोंडाशी आता चोवीस तास आकडे पाठवणारी उपकरणं आहेत, २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने तसे आदेश दिले. तीही सामू, सीओडी, बीओडी, तरंगते कण असंच पाहतात. यादी पुन्हा तीच.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं २१वं कलम नमुना कसा घ्यायचा ते बारकाईने सांगतं. कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, दोघांनी सह्या करायच्या, एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, मालकाने मागणी केली तर दुसरा वेगळ्या प्रयोगशाळेत. कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज योग्यच आहे. पण त्या प्रक्रियेत दोनच बाजू आहेत. खाडीत जाळं टाकणाऱ्याला तिथे उभं राहायलाही जागा नाही, तिसऱ्या बाटलीचं तर नावच नको. माझी पहिली मागणी त्या तिसऱ्या बाटलीची आहे. ती ग्रामपंचायतीच्या सहीने सील व्हावी आणि गावाने निवडलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावी.

दुसरी मागणी यादीची. आज यादी साधारणपणे उद्योगाच्या प्रकारावरून येते. ती कारखान्याच्या वहीतून यायला हवी. कारखाना कुठला कच्चा माल आणतो, मधल्या टप्प्यावर काय बनतं, काय बाहेर पडतं, हे परवाना मागताना कागदावर असतंच. जे द्रव्य तिथे हाताळलं जातं ते बाहेरच्या पाण्यात शोधलं गेलंच पाहिजे, आणि ते मोजण्याची पद्धत उपलब्ध नसेल तर परवान्याआधी ती कारखान्याने विकसित करून द्यावी. आपल्या मालातली अशुद्धता मोजायला तो ती करतोच.

आणि तरीही कुणाच्याच वहीत नसलेली द्रव्यं राहतात. मघाच्या त्या गृहस्थांच्या ‘यात काय आहे?’ला माझ्या उमेदीच्या काळात उत्तर नव्हतं, पण आता थोडंफार आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सॅन्डोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये गेली, नदी लाल झाली आणि लाखाहून अधिक वाम मासे मेले. त्या धक्क्यानंतर बाझेलच्या खाली सीमेवर वाइल-अम-ऱ्हाइन इथे स्वित्झर्लंड आणि जर्मनीने मिळून नदीवर नजर ठेवणारं केंद्र उभारलं. तिथे रोज नदीचं पाणी उचललं जातं आणि ठरलेल्या यादीबरोबरच रेणूंचं वस्तुमान अतिशय बारकाईने मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर अनोळखी द्रव्यांची शिखरंही पाहिली जातात. काल नसलेलं शिखर आज दिसलं, तर ते कुणाचं याचा शोध वरच्या अंगाला सुरू होतो. नाव माहीत नसलं तरी पाहुणा आला आहे एवढं कळतं. वाशिष्ठीवर, उल्हासवर, पाताळगंगेवर असं एकेक केंद्र का नसावं?

यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतला आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांचा मोठा भाग शहरांच्या मैलापाण्याने नासला आहे. पंचगंगेला किंवा मुळा-मुठेला वस्तुमानमापी यंत्राची गरज नाही, तिला मैला अडवणाऱ्या नळांची गरज आहे. मग हे कोट्यवधींचं चोचलं कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. शहरांखालच्या नदीत बीओडी मोजून पैसा प्रक्रिया केंद्रांवरच खर्च व्हावा, तिथे नवं काही शोधायची घाई नको. पण औद्योगिक वसाहतींखालच्या पाण्याची जात वेगळी आहे. तिथे मैला अडवून विष थांबत नाही. आणि अशा एका केंद्राचा खर्च काढताना तो सफाईच्या खर्चाशी ताडून पाहावा. वेनेतोत पिण्याच्या पाण्यासाठी कोळशाच्या गाळण्या बसवाव्या लागल्या, नवे जलस्रोत जोडावे लागले, आणि तो कोळसा भरला की त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. मातीत आणि भूजलात गेलेलं पीफास बाहेर काढणं अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

भोपाळकडे पाहिलं तरी हेच दिसतं. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये, दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी, पिथमपूरला हलवला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत जाळला गेला. वर्तमानपत्रांनी भोपाळ विषमुक्त झाल्याचे मथळे दिले. पण ३३७ टन म्हणजे गोळा करून गोदामात ठेवलेला कचरा. कारखान्याभोवतीच्या मातीत आणि वस्त्यांखालच्या पाण्यात जे मुरलं ते त्या ट्रकांमध्ये नव्हतं.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. कोकणातला पोरगा मुंबईला खोलीत दाटीवाटीने राहण्यापेक्षा लोट्याला नोकरी करतो, घरी जेवतो, आईबापांकडे बघतो. मी त्या पोरांना शिकवलं आहे, त्यांच्या घरी गणपतीला गेलो आहे. कारखाने बंद व्हावेत अशी माझी इच्छा कधीच नव्हती. पण मितेनीत रक्तातली मात्रा सर्वांत जास्त निघाली ती कामगारांच्या. मोजमाप लपवून आपण रोजगार वाचवतो असं वाटत असेल, तर कुणाच्या रक्ताच्या बदल्यात ते तरी उघड बोलावं. शिवाय प्रामाणिक कारखानदाराला सुरुवातीच्या मोजणीइतकं दुसरं संरक्षण नाही. उत्पादन सुरू होण्याआधी विहिरीत काय होतं याची नोंद असेल, तर शेजाऱ्याचं पाप त्याच्या माथी येणार नाही.

सुरुवातीची मोजणी. या एका गोष्टीसाठी वेळ निघून चालली आहे आणि त्याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दहा वर्षांनी आपल्याकडे यंत्रं असतील, मर्यादा असतील, कदाचित नेकीने मोजणारी माणसंही असतील. पण २०२० च्या दशकात वाशिष्ठीच्या पाण्यात काय होतं, हे तेव्हा कुठून आणणार? जर्मनीने यावर १९८० च्या दशकात एक उपाय केला. मासे, शिंपले, पानं, माणसाचं रक्त यांचे नमुने उणे १५० अंशांखाली साठवणारी पेढी काढली. पीफासची ओरड सुरू झाल्यावर त्यांनी ते जुने नमुने बाहेर काढून मागच्या अनेक वर्षांचा आलेख काढला. नमुने गोळा झाले तेव्हा ज्या विषांची कुणाला फिकीर नव्हती, तीही त्यांना मोजता आली.

आपल्याकडे द्रवरूप नायट्रोजनची पेढी उद्या होणार नाही. पण कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात उणे २० अंशांचा एखादा फ्रीजर असतो. खाडीत कालवं आहेत, तिसऱ्यांसारखे शिंपले आहेत. कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं आणि जागचं हलत नाही, त्यामुळे काही महिन्यांत त्या जागेवरून काय वाहिलं याची, निदान धातूंची आणि चरबीत विरघळणाऱ्या द्रव्यांची, नोंद त्याच्या मांसात राहते. अमेरिकेत एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये याच गुणावर किनाऱ्याची टेहळणी करण्याची कल्पना मांडली आणि ती पुढे राष्ट्रीय कार्यक्रम झाली. आपल्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायांना कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात काय मिळतं हे तोंडपाठ आहे. त्यांना दिवसाची मजुरी देऊन नमुने घ्यायला सांगावं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, दोन्ही सरकारी. नमुने कसे घ्यायचे याचे धडे त्यांच्याकडून घेता येतील.

पीफाससाठी काही पथ्यं पाळावी लागतात, ती इथेच सांगून ठेवतो. बाटली पॉलिप्रॉपिलिनची घ्यावी, काचेची नको, कारण काचेच्या भिंतीला ही द्रव्यं चिकटतात. टेफ्लॉनची पट्टी किंवा झाकण नको. पाणी न धरणारं जाकीट घालून नमुना घेऊ नये, त्या कापडातूनच पीफास बाटलीत येऊ शकतं. प्रत्येक खेपेला एक बाटली शुद्ध पाण्याने भरून सोबत न्यावी आणि तशीच परत आणून बाकीच्यांबरोबर ठेवावी, म्हणजे वाटेत काही मिसळलं असेल तर ते तिच्यात दिसेल. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि नमुना घेणाऱ्याचं नाव लिहावं. पेन्सिलनेच लिहावं, शाई ओलाव्याने पसरते. आणि एका जागेच्या दोन बाटल्या भरून त्या दोन वेगळ्या महाविद्यालयांत ठेवाव्यात. कोकणात वीज जाते.